‘ही माझ्या हातची नाही’ एवढं म्हणा: चरबीच्या गाठी काढणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

चरबीच्या गाठी काढणाऱ्या सर्व डॉक्टरांना आणि त्यांची रुग्णालयं चालवणाऱ्यांना,

स. न. वि. वि.

माझ्या ताईला उजवा हात खांद्याच्या वर उचलता येत नाही. वेणी घालायची झाली की ती डाव्या हाताने उजवं कोपर धरून वर नेते, भिंतीला टेकवते, मान त्या बाजूला झुकवते, आणि मग कुठे बोटं केसांपर्यंत पोचतात. दोन पेड गुंफून होईतो खांदा भरून येतो. हात खाली घेते, थोडं थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी घालून देते म्हटलं तर नको म्हणते.

नऊ महिन्यांपूर्वी तिच्या मानेच्या उजव्या अंगाची, कानाच्या खाली आणि जरा मागे असलेली चरबीची गाठ काढली. गोटीएवढी होती. दुखत नव्हती, वाढतही नव्हती. कॉलर घासायची, एवढीच कटकट. गाठ गेली आणि त्याबरोबर खांदाही गेला.

आम्ही त्या रुग्णालयाकडे लेखी तक्रार केली. मागच्या आठवड्यात उत्तर आलं, चार ओळींचं. मानेवरच्या शस्त्रक्रियेत नसेला (म्हणजे मज्जातंतूला) इजा होणं हा ज्ञात धोका आहे, रुग्णाने संमतीपत्रावर सही केलेली आहे, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. ‘ज्ञात धोका’ हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील. ज्ञात होता तर कुणाला? ताईला तर नव्हता. आणि ज्याला होता, त्याने ती गाठ त्या दिवशी, त्या खोलीत, त्या हातांनी का काढू दिली? या प्रश्नाचं उत्तर त्या चार ओळींत नाही. म्हणून हे पत्र फक्त त्यांना न लिहिता तुम्हां सर्वांना लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात या गाठी पिढीजात आहेत. बाबांच्या दंडांवर, पोटावर, मांड्यांवर मिळून डझनभर असतील. मला तीन, ताईला दोन. काही घराण्यांत अशा गाठी पुढच्या पिढीत उतरतात, हे आम्हाला पुस्तकात वाचावं लागलं नाही. त्यामुळे ही गाठ कशी असते ते माझ्या बोटांना ठाऊक आहे: मऊ, कातडीखाली सुटी, दाबली की कडेने निसटणारी. वजन कमी केलं म्हणून ती जात नाही. पातळ पापुद्र्याच्या पिशवीत बांधलेली चरबी ती, बहुतेकींना हातही लावायची गरज नसते. हे सगळं आम्ही जाणतो. शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही, डॉक्टरांवर राग धरून बसलेली माणसंही आम्ही नाही.

उलट, चांगलं काम कसं दिसतं ते मी स्वतःच्या पाठीवर अनुभवलं आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या पाठीवरची गाठ एका जनरल सर्जनने काढली. मला पालथं झोपवलं, गाठ चिमटीत धरून इकडून तिकडे हलवून पाहिली आणि भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधी पेनाने तिच्याभोवती गोल काढला. ‘औषध सोडलं की आजूबाजूचं सगळं फुगतं, मग गाठ बोटाला सापडत नाही,’ ते म्हणाले. छेद घेतला, दोन्ही बाजूंनी दाबलं, गाठ पापुद्र्यासकट बाहेर आली. गॉजवर ठेवून मला दाखवली: पिवळी, पैलू पडल्यासारखी, वर बारीक लाल रेषा. मग ती फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकली, बाटलीवरचं माझं नाव मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, बरोबर ना? पाठीवर ताण पडतो म्हणून टाके चौदा दिवसांनी काढले. रिपोर्ट हातात दिला, त्यात लिहिलं होतं लायपोमा, म्हणजे साधी चरबीची गाठ. तिथे काम संपलं.

याच सर्जनकडे गेल्या महिन्यात मी पुन्हा गेले. उजव्या हाताला, कोपराच्या जरा खाली, एक गाठ लागत होती. त्यांनी मला मूठ आवळायला सांगितलं. मूठ आवळली की ती गाठ हलेनाशी व्हायची. बोटं सरळ करायला सांगितली, एकेक. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, ‘ही माझ्या हातची नाही.’ गाठ स्नायूच्या आत असावी, आणि बोटं सरळ करणारी नस तिथेच हाडाला वळसा घालून जाते, म्हणाले. आधी एमआरआय, मग हाताच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. काढायलाच हवी का, ते त्यांनी ठरवावं. चिठ्ठी लिहिली आणि माझ्यासमोरच त्या सर्जनना फोन लावला.

घरी येईपर्यंत मी गप्प होते. ताईला हे वाक्य कुणीच म्हटलं नव्हतं.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. कुणी कोणती गाठ काढायची हे आज रुग्णाला एकट्याने ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला लागणारी एकही गोष्ट त्याला माहीत नसते. ताई नोंदणीच्या खिडकीवर गेली. तिथल्या मुलीने विचारलं, काय आहे? गाठ. मग ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ या यादीत नाव गेलं आणि ज्या डॉक्टरांची वेळ मोकळी होती त्यांच्यापुढे ती जाऊन झोपली. तज्ज्ञ निवडला तो खिडकीने. त्या मुलीचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की गाठ मानेवर असली तर आणखी एक प्रश्न विचारायचा.

गाठ लहान म्हणजे काम लहान, ही दुसरी चूक. ‘पंधरा मिनिटांचं काम आहे’ हे ताईला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. पाठीवर ते खरं असतं. मानेच्या त्या बाजूला, खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस कातडीखाली अगदी वरच्या थरातून, चरबीतूनच जाते. तिथली गोटीएवढी गाठ पाठीवरच्या मुठीएवढ्या गाठीपेक्षा अवघड असू शकते. मी हे नंतर शिकले. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात तुम्ही सगळे हे आधीच शिकलेले असता. मानेच्या त्या भागात छोटी गाठ काढताना ही नस तुटणं इतकं जुनं आणि इतकं ओळखीचं आहे, की या नसेला इजा झालेल्यांत सगळ्यात मोठं कारण शस्त्रक्रिया हेच असतं, असं आम्हाला पुढे भेटलेल्या नस-तज्ज्ञांनी सांगितलं.

संमतीपत्राबद्दल. ज्या सहीचा दाखला आज दिला जातो आहे, ती ताईने टेबलवर जायच्या काही मिनिटं आधी केली. छापील कागद होता. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण राहणे. खाली ‘इतर’. पाठीला तोच कागद, मानेलाही तोच. खांद्याचा त्यात शब्द नव्हता, तोंडीही कुणी काढला नाही. ‘इतर’ या शब्दात माणसाचा हात बसवता येतो हे आम्हाला कसं कळावं?

आता नंतरच्या दिवसांविषयी. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याविषयी. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्यानंतरचे चार महिने ही चूक नव्हती, ते दुर्लक्ष होतं. दुसऱ्या दिवशीच ताई म्हणाली, हात जड वाटतोय. टाके काढायला गेलो तेव्हा सांगितलं. सूज आहे, उतरेल. सहा आठवड्यांनी पुन्हा गेलो. तोवर आरशात दिसायला लागलं होतं, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आणि पाठीचा फरा मागे उचललेला. डॉक्टरांनी विचारलं, मान वळते? ताईने वळवून दाखवली. मग नस ठीक आहे, हात वापरत नाही म्हणून आखडलाय, व्यायाम करा.

मान वळतच होती. ती वळवणाऱ्या स्नायूला त्या नसेचा फाटा वरच्या वरच मिळतो, गाठीच्या जागेच्या आधी. म्हणजे मान नीट वळणं आणि खांदा न उचलणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर इजा नेमकी तिथेच झालीय असं समजायचं. जी खूण बघून धावपळ करायला हवी होती, तीच बघून आम्हाला घरी पाठवलं. ताईने तो व्यायाम अडीच महिने केला. रोज सकाळी, घड्याळ लावून. व्यायामाने तुटलेली नस जुळत नाही. चौथ्या महिन्याच्या शेवटी आम्ही आपण होऊन दुसरीकडे गेलो, ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायूंचं काम विजेच्या संकेतांवरून पाहणारी तपासणी, झाली, नस काम करत नाही हे कळलं. ही तपासणी शस्त्रक्रियेनंतर तीनेक आठवड्यांनी करता आली असती. नस लवकर जोडली तर खांदा परत मिळायची आशा चांगली असते, उशीर होईल तशी ती उतरत जाते. आता जोडली तरी फार भरवसा धरू नका, असं सांगतात. खांद्याजवळचे दुसरे स्नायू सोडवून नव्या जागी बसवायची मोठी शस्त्रक्रिया हा दुसरा मार्ग. पंधरा मिनिटांच्या कामाची ही दुरुस्ती.

आणि ती गाठ? ती तपासायला पाठवलीच नाही. ‘साधी चरबी होती.’ असेलही. पण तसं लिहिलेला एकही कागद आमच्याजवळ नाही.

आता कोण मोठा तज्ज्ञ आणि कोण लहान, हा माझा वाद नाही, हे नीट समजून घ्यावं. माझ्या पाठीसाठी जनरल सर्जन अगदी योग्य होते. हात, पाठ, पोट, मांडी यांवरच्या कातडीखालच्या साध्या गाठी ते काढतात, शस्त्रक्रिया करणारे त्वचारोगतज्ज्ञही काढतात, आणि उत्तम काढतात. त्यासाठी कुणी लांबचा मोठा तज्ज्ञ शोधत फिरू नये. कपाळावरची गाठ मात्र बऱ्याचदा कपाळाच्या स्नायूखाली, हाडालगत असते. ती वरवरची समजून हात घातला की फसगत होते, आणि व्रण जन्मभर तोंडावर राहतो. तिथे चेहऱ्याचं काम नेहमी करणारा प्लास्टिक सर्जन हवा. कानासमोर, जबड्याच्या कोपऱ्यावर चेहऱ्याची नस असते, मानेत ताईची नस. तिथे रोज मान आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारे हात हवेत. तळहाताला, कोपराजवळ हाताचा सर्जन. स्तनातली गाठ स्तनांच्या सर्जनने पाहावी. जांघेतली ‘चरबीची गाठ’ हर्निया निघू शकते. तान्ह्या बाळाच्या कमरेवर मधोमध मऊ गाठ असेल, तर ती आत मज्जारज्जूपर्यंत गेलेली असू शकते. तिला एमआरआय आणि न्यूरोसर्जनशिवाय कुणी सुरीच काय, सुईसुद्धा लावू नये.

मोठ्या गाठींचं तर आणखी वेगळं. पाच सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे तीन बोटं शेजारी ठेवली तर त्यांच्या रुंदीहून जास्त, किंवा वाढत असलेली, खोल बसलेली, दुखणारी, एकदा काढून पुन्हा आलेली, अशी गाठ आधी तपासायची असते आणि मग काढायची. साधी गाठ पुढे कॅन्सर होते असं नाही, पण साधी वाटणारी गाठ मुळातच वेगळी असू शकते. दुर्मीळ आहे, मान्य. पण तशी निघाली तर पहिला छेद चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेने घेतलेला फार महागात पडतो, कारण पुढच्या शस्त्रक्रियेत ती सगळी वाट, टाक्यांसकट, परत कापून काढावी लागते. अशा गाठीला पहिला हात सारकोमाचं, म्हणजे चरबी-स्नायूंसारख्या मऊ भागांतल्या कॅन्सरचं, काम करणाऱ्यांनीच लावावा. बायोप्सीची सुई कुठून घालायची, हेसुद्धा त्यांनीच ठरवावं.

एक तक्रार जाहिरातींबद्दलही. विनाटाका, विनाव्रण, सुईने चरबी ओढून घेऊ, इंजेक्शनने विरघळवू. ओढून काढण्याला काही ठिकाणी जागा असेल, पण पिशवी आत राहिली तर गाठ परत येऊ शकते आणि तपासायला अख्खी गाठ हातात उरत नाही, हे त्याच जाहिरातीत त्याच अक्षरांत लिहा. ताईने ती गाठ काढायचं मनावर घेतलं ते अशाच एका जाहिरातीनंतर.

आमच्या मागण्या अशा.

गाठीवर जो पहिला हात ठेवेल, त्याने केस पेपरवर चार गोष्टी लिहाव्यात: गाठ किती सेंटिमीटरची, किती खोल, तिच्याखाली काय असतं, आणि ती कुणी काढावी. चौथी गोष्ट लिहिल्याशिवाय कुठलीही गाठ कुठल्याही यादीत जाऊ नये. ‘काढायची गरज नाही’ हेही उत्तर आहे, लागू असेल तिथे तेच लिहावं.

मान, चेहरा, कोपराच्या आसपासचा भाग, तळहात, जांघ आणि लहान मुलांच्या पाठीचा मध्य या जागांवरच्या गाठी ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ या यादीत आपोआप जाऊ नयेत. नोंदणीच्या खिडकीत ही सहा नावं लिहिलेला एक कागद चिकटवा, तेवढ्याने सुरुवात होईल.

प्रत्यक्ष सुरी कोण धरणार आणि त्याने या जागेच्या अशा किती गाठी काढल्या आहेत, हे रुग्णाने विचारलं तर सरळ सांगावं. असा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. ताई विचारायला लाजली. कुणी लाजू नये असं वातावरण तुम्हीच तयार करू शकता.

संमती आधी घ्यावी, त्याच जागेचे धोके नावानिशी सांगून, आणि जो शस्त्रक्रिया करणार त्यानेच घ्यावी.

काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवावी. पाठवणार नसाल तर का नाही ते लिहून रुग्णाच्या हाती द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी दिली आहे. रुग्ण खोलीबाहेर जाण्याआधी नमुन्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, हे त्यात आहे. ती यादी मोठ्या थिएटरच्या भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे. किरकोळ शस्त्रक्रियेच्या खोलीतही लावा आणि तिथेही वाचा.

शस्त्रक्रियेनंतर हात उचलत नाही, बोट सरळ होत नाही, ओठ वाकडा होतो, असं कुणी सांगितलं तर त्याच आठवड्यात नसांचं काम जाणणाऱ्याकडे पाठवावं. सूज उतरायची वाट पाहायला सांगायचं असेल, तर किती दिवस आणि त्यानंतर काय, तेही कागदावर लिहून द्यावं.

डॉक्टरांच्या संघटनांना एक वेगळी विनंती आहे. गाठ दुसऱ्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरला रुग्ण गमावल्याची झळ लागू देऊ नका. माझ्या सर्जनने मला परत पाठवलं, त्या दिवशी त्यांचं एक काम कमी झालं. माझा हात मात्र शाबूत आहे. असं पाठवणं हे कौशल्यच आहे, ते शिकवा आणि नव्या डॉक्टरांसमोर त्याचं कौतुक करा.

आणि शेवटी त्या एका रुग्णालयाला. त्यांना कळेल की हे पत्र त्यांना आहे. प्रकरण बंद करू नका. ती गाठ त्या यादीत कुणी घातली, शस्त्रक्रिया करणाऱ्यांचं नेहमीचं काम काय आहे, आणि सहाव्या आठवड्यात ईएमजी का सांगितली नाही, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्या. आम्हाला कुणाची नोकरी घालवायची नाही. ताईच्या नव्या डॉक्टरांना एक गोष्ट अजून कळलेली नाही: नस पूर्ण कापली गेली, टाक्यात अडकली की फक्त ताणली गेली. त्यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून आहे. ते शस्त्रक्रियेच्या नोंदीत असेल, नसेल तर नोंद पाहून निदान अंदाज बांधता येईल. त्या नोंदीची प्रत मागणारे तीन अर्ज आम्ही दिले आहेत. ताईची पुढची तपासणी येत्या वीस तारखेला आहे. त्याआधी ती प्रत द्या.

कळावे,

ताईची धाकटी बहीण